रेशीम शेडमधल्या कचऱ्याचं काय करायचं? नव्या कास्तकारांसाठी पायरीपायरीने

कोष विकून घरी आलं की शेडकडे बघावंसं वाटत नाही. रॅकवर अर्धवट खाल्लेल्या फांद्या पडलेल्या असतात, खाली विष्ठेचा जाड थर, त्यात कात टाकलेल्या साली आणि चुन्याचे पांढरे पट्टे. चंद्रिकांना, म्हणजे अळ्या ज्यावर कोष विणतात त्या जाळीदार चौकटींना, जाळी चिकटलेली असते आणि कोपऱ्यात टोपलंभर डागाळलेले, पोचट कोष. महिनाभर पाला टाकून दमलेला माणूस हे सगळं फावड्याने ओढतो, शेडच्या मागे लोटतो आणि पुढच्या बॅचचे अंडीपुंज (रेशीम पतंगाच्या अंड्यांचे संच) बुक करायला फोन लावतो. आमच्या यवतमाळकडच्या वावरात पहिली दोन वर्षं आम्हीही हेच केलं. ज्यांनी यंदाच तुती लावली आहे, त्यांनी ती दोन वर्षं वाया घालवू नयेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी हिशेब. एक हेक्टर बागायती तुतीमागे वर्षाला साधारण १५ टन कचरा निघतो. त्यात २८० ते ३०० किलो नत्र, ९० ते १०० किलो स्फुरद आणि १५० ते २०० किलो पालाश असतं. आपल्याकडे बहुतेकांची तुती एकरभरच, म्हणून एकराचं बोलू: सहा टन कचरा आणि ११५ किलोच्या आसपास नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र असतं २० किलो ७०० ग्रॅम. म्हणजे वर्षाला साडेपाच गोण्यांइतकं नत्र आपण शेडच्या मागे लोटून देतो. हे नत्र युरियासारखं एकदम हाती येत नाही. कुजताना थोडं उडून जातं, उरलेलं हळूहळू पिकाला लागतं. पण सोबत जमिनीत सेंद्रिय माल जातो, तो गोणीत मिळत नाही. बागायती तुतीला एकरी ८ टन शेणखत वर्षाला द्यावं अशी शिफारस आहे. ज्यांच्या गोठ्यात आता एखादीच गाय उरली आहे त्यांनी ते आणायचं कुठून? ट्रॉलीने विकत घेणाऱ्याला तो खर्च बरोबर माहीत असतो.

आता आमची चूक सांगते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यातूनच आल्या आहेत. आमचा ढीग शेडच्या दारापासून वीसेक पावलांवर होता, तोही वाऱ्याच्या बाजूला. सासूबाई एकदा म्हणाल्याही, "हे सडकं शेडच्या बाजूले कायले ठेवलं वं? याच्यातूनच माशी उठन अन् आत जाईन." मी ऐकलं आणि सोडून दिलं. पावसाळ्यात दोनशे अंडीपुंजांची बॅच घेतली. पाचव्या अवस्थेत अळ्यांच्या अंगावर काळे ठिपके दिसायला लागले, म्हणजे उझी माशी, अळीच्या अंगावर अंडी घालून तिला आतून खाणारी. तिच्या मागोमाग ग्रासरी, हा अळ्यांचा विषाणूचा रोग, आला. एकशे तीस किलो तरी कोष निघतील असं धरलं होतं, साठही भरले नाहीत. ढीग उकरून पाहिला तेव्हा तळाशी उझीचे तपकिरी कोषके मूठभर सापडले. तेव्हापासून आमच्या शेडमधला कचरा दाराबाहेर जायच्या आधीच वेगळा होतो.

पहिली पायरी: वाटणी शेडच्या दारातच

या लेखातली एकच गोष्ट तुमच्याकडून होणार असेल तर ती ही असू द्या. शेडच्या दारात चार जागा ठरवा आणि बेड (अळ्यांखालचा पाला-विष्ठेचा थर) काढणाऱ्या प्रत्येकाला त्या दाखवून ठेवा.

फांद्या एका बाजूला. फांदी उचलली की रॅकवरच दोनदा झटकायची, म्हणजे विष्ठा आणि पाल्याचे तुकडे खाली पडतात.

विष्ठा, पाल्याचे शेंडे आणि काती दुसऱ्या बाजूला, पोत्यात किंवा ताडपत्रीवर. हाच आपला मुख्य माल. पण यातही चुना किंवा बेड निर्जंतुकाची भुकटी जास्त पडलेला वरचा थर वेगळा काढता आला तर काढा. अळ्या कातीवर बसतात तेव्हा आपण चुना मारतो, कातीनंतर 'विजेता' किंवा 'अंकुश' धुरळतो. ते अळीसाठी बरोबर आहे, गांडुळांना मात्र ते सोसत नाही. त्याचं पुढे सांगते.

तिसरी जागा झाकणाच्या बादलीची, मेलेल्या आणि रोगट अळ्यांसाठी. बादलीत १० लिटर पाणी, २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर आणि ३० ग्रॅम विरलेला चुना. पावडर ताजी हवी. उघड्या पुड्यातली, वास गेलेली पावडर काही कामाची नाही. अळी हाताने उचलू नका, चिमटा किंवा दोन काड्या ठेवा. ओळखायचं कसं? ग्रासरीची अळी रॅकच्या काठाकाठाने फिरते, तिचे सांधे सुजतात, कातडी चकाकते आणि जरा धक्का लागला की दुधासारखा पाझर सुटतो. तो एक थेंब पाल्यावर पडला तर तो पाला खाणाऱ्या अळ्याही जातात. फ्लॅचरीची अळी मऊ पडून काळी होते, तिचा वास दारातूनच कळतो. मस्कार्डिनची उलटी, खडूसारखी पांढरी आणि कडक होते. तिन्ही याच बादलीत. संध्याकाळी बादली शेडपासून आणि विहिरीपासून लांब, तीन फूट खोल खड्ड्यात रिकामी करायची आणि वरून चुना व माती ओढायची.

चौथं पोतं कोषाच्या कचऱ्याचं, म्हणजे जाळी आणि खराब कोष. आणि प्लास्टिक, जुन्या चंद्रिकांचे तुकडे, चॉकीबरोबर (विकत आणलेल्या लहान अळ्यांबरोबर) आलेले मेणकागद, सुतळ्या यातल्या कशातच जाऊ द्यायच्या नाहीत. हे खताच्या ढिगात गेलं की वर्षभर वावरात सापडत राहतं.

बॅचच रोगाने गेली तर? मग त्या बेडचं खत करायचा मोह टाळा. तो सगळा बेड चुना टाकून पुरा. ग्रासरीचा विषाणू मातीत फार काळ टिकतो. सहा टनांतलं अर्धा टन सोडलं तर काही बिघडत नाही, पुढची बॅच गेली तर बिघडतं. आणि निरोगी बॅचची विष्ठासुद्धा ताजी, कच्ची कधीच तुतीत टाकू नका. शेजारच्या कास्तकारानेही तुमच्याकडून नेऊन ताजी टाकू नये. पाला तुडवत, त्याच फांद्या कापत, त्याच पायांनी तो शेडमध्ये जाणार असतो.

हे सगळं करताना नाकातोंडाला दुपट्टा किंवा मास्क बांधा. वाळलेली विष्ठा आणि कोषाची जाळी यांची धूळ बारीक असते, काहींना तिच्याने दम लागतो.

दुसरी पायरी: फांद्या

फांदी पद्धतीत अळी पाला खाते आणि सालासकट दांडा उरतो. जाड दांडे उन्हात चांगले वाळवून मोळ्या बांधल्या की चुलीचं सरपण झालं. तुराट्या-पऱ्हाट्यांपेक्षा तुतीचा दांडा निवांत जळतो, निखारा धरून ठेवतो. आमच्याकडे बॅचनंतरचे पंधरा-वीस दिवस आंघोळीचं पाणी यावरच तापतं. मोळ्या मात्र धुऱ्यावर जमिनीलगत टाकू नका. काळ्या मातीत महिन्याभरात वाळवी लागते आणि पावसाळ्यात खाली साप बसतो. दोन दगडांवर आडवे बांबू टाकून त्यावर रचा.

बारीक फांद्या कुट्टी यंत्रातून काढा. ज्यांच्याकडे जनावरांची कडबाकुट्टी आहे त्यांना वेगळं काही घ्यावं लागत नाही, फक्त फांदी ओलसर असतानाच घाला, वाळली की पातं बोथट होतं. हा चुरा दोन कामांना येतो. एक, पुढच्या पायरीतल्या ढिगात थर म्हणून. दोन, झाडाखाली आच्छादन म्हणून. वरूड-मोर्शीकडे ज्यांची संत्रा आहे त्यांना मी हेच सांगते की झाडाच्या घेराखाली तीन-चार इंच थर द्या, उन्हाळ्यात एखादी पाण्याची पाळी लांबते. फक्त खोडाला चिकटवू नका. दीड फूट जागा मोकळी ठेवा, नाहीतर ओल धरून डिंक्या वाढतो. तुतीतच आच्छादन करायचं असेल तर चुरा आठ-दहा दिवस कडक उन्हात पसरून मगच टाका.

तिसरी पायरी: तापणारा ढीग

इथे घाई करणाऱ्याचं नुकसान होतं. विष्ठा आणि पाला थेट गांडुळांच्या बेडमध्ये टाकला तर तो तिथे तापतो आणि गांडुळं मरतात. म्हणून आधी वीस-पंचवीस दिवस बाहेरच अर्धवट कुजवायचा. उझीचे कोषके आणि बरेचसे रोगजंतू याच उष्णतेत मरतात, तो दुसरा फायदा.

जागा शेडपासून जितकी लांब शक्य असेल तितकी, ढिगावरून वारा शेडकडे येणार नाही अशा दिशेला, थोडी उंच. पाच फूट रुंद आणि लागेल तितका लांब. तळाशी फांद्यांचा चुरा किंवा सोयाबीनचं कुटार सहा इंच. त्यावर विष्ठा-पाला सहा इंच. त्यावर शेणाचा पातळ काला, घमेलंभर शेण बादलीभर पाण्यात, आणि मूठ-मूठ माती. परत चुरा, परत विष्ठा. चार फुटांवर थांबा. विष्ठेत नत्र जास्त, चुऱ्या-कुटारात कर्ब जास्त. नुसत्या विष्ठेचा ढीग घट्ट बसतो आणि अमोनियाचा वास नाकात जातो, म्हणजे नत्र हवेत चाललं. नुसत्या फांद्यांचा ढीग सहा महिने तसाच पडून राहतो.

पाणी किती? आतला मूठभर माल काढून जोरात दाबा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर जास्त, हात कोराच राहिला तर कमी. ढीग तापला की नाही ते बघायला थर्मामीटर लागत नाही. लोखंडी सळई मधोमध खुपसा, दहा मिनिटांनी ओढा आणि आतलं टोक धरून बघा. हाताला धरवत नाही इतकं तापलं असेल तर काम चालू आहे. आठव्या दिवशी एकदा आणि पंधराव्या-सोळाव्या दिवशी एकदा ढीग उलटा: बाहेरचं आत, आतलं बाहेर. कडेचा माल तापतच नाही, माशीचे कोषके तिथेच जिवंत राहतात, म्हणून उलटणं टाळू नका. दरवेळी वरून काळं प्लास्टिक अंथरून कडा मातीने दाबा. आमच्या शेडमध्ये उझी आटोक्यात आली ती या दाबलेल्या कडांमुळे, असं मला ठाम वाटतं.

इतकंच करायचं असेल तर हा ढीग आणखी अडीच-तीन महिने ओला ठेवून तसाच कुजू द्या, साधं कंपोस्ट तयार होतं. ज्यांच्याकडे सावली किंवा रोज पाणी द्यायला माणूस नाही त्यांनी इथेच थांबावं. अर्धवट जमलेल्या गांडूळ खतापेक्षा हे चांगलं.

चौथी पायरी: गांडूळ खत

दहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच बेड नवख्याला पुरे. विटांचा बांधा किंवा बाजारात मिळतो तो प्लास्टिकचा आणा. वर सावली हवीच, कडुनिंबाखाली असेल तर उत्तम, नाहीतर तुराट्यांचा मांडव. तळाला तीन इंच कुटार, त्यावर तापून थंड झालेला माल दीड फुटापर्यंत. हात आत घातला तर गार लागला पाहिजे.

आता गांडुळं. जात आयसेनिया फेटिडा, लालसर, बारीक आणि पृष्ठभागावर खाणारी. वावरातली आपली लांब गांडुळं मातीत खोल जातात, ती या कामाची नाहीत. एवढ्या बेडला तीन किलो पुरतात, किलोत साधारण हजार मोजा. पण सगळी एकदम सोडू नका. माझ्या पहिल्या बेडमधली सगळी गांडुळं दुसऱ्या दिवशी सकाळी कडेने वर चढून आलेली होती. काही विटांवर वाळून पडली होती, काही एकमेकांत गुंतून गोळा झाली होती. हातात घेतली तर अंगावर पांढरट थर. चौथ्या कातीतला चुन्याचा बेड मी न निवडता त्यात ओतला होता. इतकी चिकाटीची जनावरं आपल्या हाताने मेली याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून आधी परीक्षा घेते. कुंडीत बेडमधला माल भरायचा, वीस गांडुळं सोडायची, ओलं बारदान झाकायचं आणि चोवीस तास थांबायचं. वीसही आत शिरली असतील तर बाकीची सोडा. वर फिरत असतील किंवा मेली असतील तर त्या मालाला दोन-तीन वेळा भरपूर पाणी देऊन निथळू द्या, आठवडाभराने परत परीक्षा घ्या.

बेडवर ओलं बारदान कायम. हिवाळ्यात दिवसाआड पाणी, उन्हाळ्यात रोज दोनदा, झारीने. विदर्भाचा मे महिना हा गांडुळांचा खरा शत्रू आहे. यांना २० ते ३० अंश मानवतं, आपल्याकडे पारा पंचेचाळिशीवर जातो. एप्रिल ते जून मोठा बेड चालवायचा हट्ट धरू नका. तीनशे-चारशे किलो माल आणि निवडक गांडुळं घराजवळच्या गार सावलीत, माठाशेजारी म्हणा, जगवून ठेवा. मिरगानंतर तीच परत वाढतात. मुंग्यांसाठी बेडभोवती बोटभर खोल चर काढून पाणी भरा. गोम दिसली की उचला. कोंबड्या मोकळ्या असतील तर जाळी लावल्याशिवाय काही उरणार नाही.

दीड-दोन महिन्यांत माल चहापत्तीसारखा काळा, दाणेदार होतो आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. तेव्हा पाणी चार-पाच दिवस बंद करा, खत बाहेर प्लास्टिकवर छोट्या सुळक्यांत ओता. उजेड टाळत गांडुळं तळाशी जातात. वरचं खत हाताने काढत जा, तळाचा गोळा पुढच्या बेडला. खत सावलीतच, किंचित ओलं साठवा. खडखडीत वाळवलं की त्यातला जीव जातो.

एकराच्या सहा टनांचं खत होता होता निम्मं किंवा त्याहून कमी भरतं, हे आधीच धरून चाला. छाटणी झाल्यावर जोड ओळीतल्या मुळांलगत द्या आणि मातीने झाका. शिफारशीतलं शेणखत यातून पूर्ण सुटणार नाही, पण एक-दोन ट्रॉल्या नक्की वाचतात.

पाचवी पायरी: उरलेला पाला आणि शेळ्या

तुतीचा पाला शेळ्यांना फार आवडतो, त्यात प्रथिनंही भरपूर. पण इथे एक रेषा पाळा. पाल्याच्या खोलीत उरलेला, रॅकवर न गेलेला पाला शेळीला द्या. बेडवरून काढलेला देऊ नका, त्यावर चुना, निर्जंतुक आणि विष्ठा असते. तुतीवर फवारणी झाली असेल तर अळीला जितके दिवस थांबता तितकेच शेळीलाही थांबा.

ज्यांच्याकडे गोबर गॅस आहे त्यांनी शेणासोबत थोडी विष्ठा रोज टाकायला हरकत नाही, ब्लीचिंग किंवा चुन्याची मात्र नको, टाकीतले जिवाणू मरतात.

धिंगरी अळिंबीबद्दल बरेच जण विचारतात. तुतीच्या फांद्यांचा चुरा कुटारात मिसळून ती येते. पण ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच आपल्याकडचा हंगाम, आणि बुरशीची खोली अळ्यांच्या शेडच्या आसपास अजिबात नको. पहिल्या वर्षी यात पडू नका, एवढंच माझं मत.

सहावी पायरी: खराब कोष

विकायला नेण्याआधी कोष निवडायचेच असतात. जालन्याच्या बाजारात न्या, कर्नाटकात रामनगरला न्या, चांगल्या लॉटमध्ये चार डागाळलेले दिसले की सगळ्या लॉटचा भाव पडतो. पोचट, डबल, डागाळलेले आणि छिद्र पडलेले वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. डबल कोषात दोन अळ्यांनी एकत्र विणलेलं असतं, धागा गुंततो म्हणून तो चांगल्या रिळाला चालत नाही, पण जाड धाग्यासाठी त्याला गिऱ्हाईक असतं. जाळी आणि छिद्राचे कोष कताईच्या रेशमाला जातात. भाव थोडाच मिळतो, म्हणून दर बॅचला विकायला धावू नका. वाळवून वर्षभर साठवा, आजूबाजूच्या चार-पाच शेडचं एकत्र करा, मग बोला.

साठवायचे म्हणजे आतली पुपा (कोषात अळीची होते ती पुढची अवस्था) मेलेली आणि पूर्ण वाळलेली हवी, नाहीतर दहा-बारा दिवसांत पतंग कोष फोडून बाहेर येतो. थोड्या मालाला आपलं ऊन पुरतं. पातळ पसरा, रोज उलटा. कोष कानाजवळ हलवला की खुळखुळा वाजतो, तेव्हा झाला. मग घट्ट डब्यात ठेवा, कारण वाळलेल्या पुपेवर भुंगेरे येतात.

बचत गटातल्या बायांसाठी कोषाची फुलं हे बरं काम आहे. डागाळलेला कोष रंगात खपून जातो. वाळलेल्या कोषाचं एक टोक धारदार कात्रीने गोल कापा, पुपा आणि आतली सुरकुतलेली काळी कात झटकून काढा. कापल्या टोकाकडून खालपर्यंत पाच चिरा द्या, पण बुडाशी अर्धा बोट जागा अखंड ठेवा, नाहीतर पाकळ्या सुटतात. पाकळीची टोकं गोल करा. गरम पण न उकळणाऱ्या पाण्यात रंग आणि चमचाभर व्हिनेगर टाकून दहा मिनिटं बुडवा. बाहेर काढल्या काढल्या, ओली असतानाच, पाकळ्या बोटावर दुमडा आणि सावलीत वाळू द्या. वाळली की त्याच वळणात कडक राहते. हे कोषातल्या सेरिसिनमुळे, म्हणजे धाग्याला चिकटवणाऱ्या डिंकासारख्या भागामुळे. कोषाच्या कवचात तो साधारण पाव हिस्सा असतो. म्हणून फुलांसाठी कोष सोड्यात कधीच उकळू नका, चिंधीसारखा लोळागोळा होतो.

धागा काढायचा असेल तेव्हा उलट. तेव्हा सेरिसिन घालवायचंच असतं. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम साबण आणि २ ग्रॅम धुण्याचा सोडा, त्यात साफ केलेले कोष पाऊण-एक तास मंद उकळा, तीन-चार पाण्यांतून धुवा, हाताने विंचरून वाळवा. मऊ कापसासारखा पुंजका हाती येतो. त्यातून तकलीवर सूत निघतं, उशीत भरायलाही चालतो.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडच्या वाचकांचं थोडं वेगळं आहे. तिथे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर (रानटी रेशीम) पाळतात, ढिवर समाजाकडे हे काम पिढ्यान्पिढ्या आहे. अळी झाडावर असते, विष्ठा जंगलातच पडते, म्हणून खताचा प्रश्न येत नाही. तिथला कचरा म्हणजे बीजोत्पादनात पतंग निघून गेल्यावर उरलेले छिद्राचे कोष आणि त्यांचे कडक देठ. अखंड धागा त्यातून निघत नाही, पण सोड्यात उकळून हाताने ओढलेलं घिच्याचं सूत निघतं. करवती काठाची टसर साडी ही आपल्या विदर्भाची. तिथल्या विणकरांशी बोलून मगच सूत काढायला घ्या, कोणत्या जाडीचं चालतं ते त्यांनाच विचारावं.

सुटी पुपा ही मुख्यतः रिळिंग करणाऱ्याच्या हाती येते, तरी फुलांसाठी कोष कापताना टोपलंभर निघतेच. वाळलेल्या पुपेत निम्म्याहून जास्त प्रथिनं आणि पाव हिस्सा तरी चरबी. कोंबड्यांना आणि मासळीला ती चालते, पण खाद्यात थोडीच मिसळा. चरबीमुळे लवकर खवट होते, आठवड्यात संपेल इतकीच ठेवा. रोगट बॅचमधली नको.

विकताना

खत उरलं तर ओळखीच्या संत्रावाल्यांना, नर्सरीवाल्यांना द्या, आधी एक घमेलं फुकट द्या आणि त्यांच्या कुंडीत काय होतं ते बघू द्या. पिशवीत भरून, नाव छापून विकायचं असेल तर थांबा. गांडूळ खत १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात येतं, ओलावा आणि सेंद्रिय कर्बाचे निकष ठरलेले आहेत. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जाऊन परवान्याचं विचारा, खताचा नमुना तपासून घ्या. गटाने मिळून करणार असाल तर 'उमेद' या बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या आपल्या भागातल्या ताईंशी बोलून घ्या.

पहिल्या वर्षी मी असं करायला सांगेन. पहिल्या बॅचला फक्त वाटणी आणि बादली. दुसऱ्या बॅचला एक तापता ढीग, प्लास्टिकखाली. दिवाळीनंतर, हवा थंड झाली की पहिला गांडूळ बेड. कोष मात्र पहिल्या दिवसापासून डब्यात साठवत जा. आणि ढिगाची जागा ठरवताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वावरात घेऊन जा, वारा कोणत्या महिन्यात कुठून येतो हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. आमचा ढीग आता पूर्वेच्या धुऱ्यावर, बोरीच्या पलीकडे आहे. ती जागा सासूबाईंनीच दाखवली.